एका पट्ट्यावरच्या दोन जावा

जुना कॉम्प्युटर समोर आला की मी आधी त्याचा वास घेते. हसू नका. पाठीमागच्या पंख्याला नाक लावलं की निम्मं दुखणं कळतं. कोंड्याचा वास आला की तो भाताच्या गिरणीतला. उदबत्तीचा आला की किराणा दुकानातला, गल्ल्याशेजारी देवाखाली ठेवलेला. उंदरांचा आला की तो कुठल्या तरी कचेरीतला, आणि मग मी झाकण उघडण्याआधी दोन पावलं मागे सरते. एकदा एकातून अख्खं कुटुंब उडी मारून माझ्या मांडीवर आलं होतं, तेव्हापासून.

शहापुरात एसटी स्टँडाच्या मागे माझं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी मी वाशिंदच्या एका कारखान्यात टीव्हीच्या सर्किटांना डाग द्यायचं काम करायची. आठ तास मान खाली, हातात सोल्डरिंगची सळई. कारखान्याला टाळं लागलं आणि माझ्याकडे उरला तो फक्त न थरथरणारा हात. कल्याणला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले. वर्गात मी एकटीच बाई. दुकान टाकलं तर गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "साहेब कुठायत?" मी सांगायची, "साहेब घरी भात लावतायत, मशीन माझ्याकडे द्या." ते खोटंही नव्हतं. आमचे हे शिक्षक, सकाळची शाळा, दुपारचा कुकर त्यांच्याकडेच असायचा.

आता कुणी काही दुरुस्त करत नाही. बिघडलं की बदलायचं. आता प्रत्येक डिस्कला आपली आपली बारीक वायर, कुणाचं कुणाशी देणं-घेणं नाही. माझ्या काळात तसं नव्हतं. चार बोटं रुंदीचा एक राखाडी पट्टा असायचा, आणि त्या एका पट्ट्यावर दोन हार्ड डिस्क जोडलेल्या असायच्या. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरची कोठी. सगळं धान्य तिथं. पहिली भरली की लोक दुसरी आणायचे, आणि ती त्याच पट्ट्याच्या मधल्या तोंडाला जोडायची. मग दोघींना एकाच वाटेनं बोलायचं. दोघी एकदम बोलल्या तर मशीनला काही कळणार कसं? म्हणून एकीला मोठेपण द्यायचं, दुसरीला तिच्या मागं ठेवायचं. त्यासाठी डिस्कच्या पाठीमागं सुयांची एक ओळ असते आणि तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी अशी एक प्लास्टिकची टोपी. टोपी या दोन सुयांवर बसवली की ती थोरली, त्या दोन सुयांवर बसवली की धाकटी. इंग्रजी पुस्तकात यांना मालक आणि गुलाम म्हणतात. मला ते शब्द पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. मी गिऱ्हाइकांना सांगायची, "या दोन जावा आहेत आणि घरात चूल एकच. एक थोरली, एक धाकटी. दोघी 'मीच थोरली' म्हणून बसल्या की आज घरात कुणालाच जेवण नाही." बाया लगेच मान डोलवायच्या. पुरुषांना जरा वेळ लागायचा.

खरंच असंच होतं. दोघींच्या टोप्या थोरलीच्या जागी बसल्या तर मशीन एकीलाही ओळख देत नाही. पडद्यावर येतं की डिस्क सापडत नाही. डिस्का दोन्ही ठणठणीत असतात, आणि माणूस कपाळाला हात लावून बसलेला असतो.

उंबरमाळीहून एक गुरुजी यायचे. भारी हौशी माणूस, सगळं स्वतः उघडून बघायचा. एकदा दोन्ही डिस्का पिशवीत घालून आणल्या आणि म्हणाले, "ताई, नवीकोरी वस्तू, पण दोघी मुक्या." बघते तर टोप्याच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "ते होय? ते पॅकिंगचं होतं ना? सुया वाकू नयेत म्हणून लावतात ते. मी काढून ठेवलं." कुठं ठेवलं? घरी बटणांच्या डबीत. आणि एकट्या त्यांच्याच नव्हेत, मित्रांच्या मशीनच्याही टोप्या त्यांनी मोठ्या मायेनं काढून दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डबी घेऊन आले. शर्टाची बटणं, हुक, आणि त्यात त्या टोप्या. मी निवडत बसले आणि गुरुजी समोर बसून शाळेतल्या गमती सांगत राहिले. त्यांच्यावर कधी रागावताच आलं नाही.

स्वतःवर मात्र रागावले आहे. वाशिंदला कारखान्यातला माझा एक जुना सोबती होता, किसनराव. त्याच्या मशीनमध्ये दोन डिस्का, एकसारख्या, एकाच कंपनीच्या. एकीवर सगळा कचरा, ती पुसायची होती. दुसरीवर त्याच्या भजनी मंडळाची गाणी, गावात बसून भरलेली. त्या डिस्कांच्या टोप्या तिसऱ्याच जागी होत्या. त्या जागी टोपी असली की पट्ट्याच्या टोकाला जी, ती थोरली आणि मधे जी, ती धाकटी, असं पट्टाच ठरवतो. मी धूळ काढायला दोघींना सोडवलं आणि जोडताना अदलाबदल केली. पहिली म्हणून जी पुसली ती गाण्यांची निघाली. किसनराव म्हणाला, "जाऊ दे ताई, परत गाऊ." पण त्यांचा पखवाजवाला आदल्या साली वारला होता. परत गायले तरी तो हात कुठून येणार? त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन रडले. मला अजून वाईट वाटतं त्याचं, आणि वाटलंच पाहिजे.

तेव्हापासून मी एक रीत धरली. दुरुस्तीच्या पेटीत लाल नेलपॉलिशची बाटली ठेवली. दोन डिस्कांचं मशीन हाताखाली आलं की आधी थोरलीच्या पाठीवर एक लाल ठिपका, मगच पट्ट्याला हात. कल्याणचे दुरुस्तीवाले माझी मशीन ठिपक्यावरून ओळखायचे आणि हसायचे. हसोत बापडे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

मुरबाडला दत्ताभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे फोटो या माणसानं काढलेत. त्यांचं मशीन माझ्याच हातचं. एका पट्ट्यावर दोन डिस्का, थोरलीवर कामाचं सगळं, धाकटीवर लग्नांचे फोटो. माणूस मनानं सोन्यासारखा, पण सवयी अशा की बघणाऱ्याचं डोकं फिरावं. चहाचा कप कायम मशीनच्या डोक्यावर. मी सांगून दमले. शेवटी एकदा त्यांच्या दुकानात, नवरदेवाचा बाप समोर बसलेला असताना मी कडाडले, "भाऊ, उद्या हे मशीन चहा प्यायलं तर मला बोलवू नका!" नवरदेवाचा बाप खो खो हसला आणि दत्ताभाऊंचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकासमोर लाज काढली म्हणून त्यांनी माझ्याशी अबोला धरला. मीही कमी नाही. मी म्हटलं, बोलायचं नाही तर नाही, माझं काय अडलंय! बघता बघता वर्षं गेली. मी दुकानही आवरलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोचा, रेखावहिनींचा फोन आला. "ताई, अबोला तुमचा आणि ह्यांचा. माझ्याशी तर नाय ना?"

"तुमच्याशी कशाला असेल?"

"मग उद्या या. जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडलाय, दहा वर्षांच्या वर झाली. हे म्हणतात मेला. पण एक पोरगी तीन दिवस झाले दुकानाच्या पायरीवर येऊन बसते. मला बघवत नाय."

दुसऱ्या दिवशी पेटी उचलली आणि किन्हवलीमार्गे मुरबाडची एसटी धरली.

पायरीवर दोघी बसल्या होत्या, मायलेकी. आईचं नाव चांगुणा, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीवरची. बारीक अंगाची, उन्हानं रापलेली, बोलायला खणखणीत. मुलगी मनीषा, आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली, मुरबाडला एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी. केस दोन्ही बाजूंनी कानांवर ओढून घट्ट बांधलेले. येत्या आठवड्यात तिची हळद होती.

चांगुणानं सांगितलं ते असं. तिचं लग्न मुरबाडला झालं, वाड्यापाड्यांवरच्या पुष्कळ जोडप्यांचं एकाच मांडवात लावलं होतं तेव्हा. दत्ताभाऊंनी एकेका जोडीचा फोटो काढून दिला. दिवाळी झाल्यावर नवराबायको वीटभट्टीवर गेली. तिथं नवऱ्याला ताप आला आणि तो गेला. मनीषा तेव्हा पोटात होती.

"त्याचा त्यो एकच फोटो व्हता ताय," चांगुणा म्हणाली. "कुडाला लावला व्हता. आमी भट्टीवरनं आलो तं वाळवी लागलेली. आधी माझं तोंड खाल्लं, मंग त्याचं. नुसत्या खुर्च्या उरल्या."

"दिसायला कसा होता?" मी सहज विचारलं.

ती जरा थांबली. "कसा म्हंजे... चांगला व्हता. कान मोठे व्हते. हिचे हायत ना, तसे." मनीषानं पटकन केस आणखी खाली ओढले.

"मला जास्त काय नको, मॅडम," ती म्हणाली. "हळदीच्या आधी सगळी बापाच्या पाया पडतात. माझ्याकडं पडायला काय पन नाय. मला एकदा तोंड बघायचंय त्याचं."

मी आत गेले. दत्ताभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे. मीही पंख्याकडे बघत म्हटलं, "मशीन खाली काढायला सांगा कुणाला तरी." ते वहिनींना म्हणाले, "त्यांना सांग, काढलाय." वहिनी दोघांवर ओरडल्या, "पुरे करा आता! पोरीचं लग्न हाय!" तेव्हा कुठं दत्ताभाऊ पुटपुटले, "चहा घ्याल ना ताई?" मी म्हटलं, "घेईन. पण कप माझ्या हातात द्या." मग हसलो दोघंही, आणि एवढ्या वर्षांचा अबोला तिथंच संपला. इतकं सोपं होतं तर आधी का नाही केलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मशीनला नाक लावलं. धूळ, कोळ्याची जाळी आणि त्याखाली मंद असा कापराचा वास. झाकण उघडलं आणि मी बघतच राहिले. आत दोन्ही डिस्कांवर हळद-कुंकू! वाळलेली झेंडूची एक पाकळीसुद्धा पट्ट्याला चिकटलेली.

"ही पूजा कुणी केली?"

"खंडेनवमीला आमी सगळ्या हत्यारांची करतो," दत्ताभाऊ म्हणाले. "कॅमेरा, स्टँड, फ्लॅश. म्हटलं, खरं काम तर याच्या आतली मंडळी करतात, त्यांना का वगळायचं? म्हणून झाकण काढून दिलं हिला."

"आणि बंद कधी पडला?"

"त्याच सुमाराला. दसऱ्यानंतर सुरू केला तर डिस्कच नाय म्हणाला. कल्याणचा मानूस आणला. तो म्हणाला, दोनी डिस्का गेल्या, नवा घ्या. घेतला नवा."

मी बॅटरीचा उजेड मारून मागच्या सुया बघितल्या. दोन्ही टोप्या थोरलीच्या जागी. अगदी एका रेषेत.

"या टोप्यांना कुणी हात लावला होता?"

"कोनी नाय," दत्ताभाऊ ठामपणे म्हणाले.

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, "मी लावला." दत्ताभाऊंनी वळून बघितलं. "पूजा करताना मला दिसलं, एकीची टोपी एका बाजूला, दुसरीची दुसऱ्या बाजूला. मला वाटलं सरकली. सणाच्या दिवशी एकीचं नीट आणि एकीचं वाकडं, बरं नाय दिसत. केसातला आकडा काढला आणि दोघींची सारखी केली." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळं झालं का गो ताई हे सगळं?"

या बाईच्या घरात खरोखरच दोन जावा, आणि सणाला दोघींना एकाच ठाणातलं लुगडं घेतलं पाहिजे म्हणून सासऱ्यांशी वाद घालणारी ही थोरली! तिला डिस्कांमधलाही दुजाभाव सहन झाला नाही. पाच मिनिटांचं काम होतं. मला एक फोन आला असता तर एक टोपी काढून शेजारी लावायची, एवढंच. पण त्यांनी फोन करायला मी अबोला कुठं सोडला होता?

आता खरा प्रश्न पुढं आला. दोघींतली थोरली कुठली? डिस्का एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, वरचे कागद पिवळे पडलेले. मी माझा लाल ठिपका शोधला तर दोघींच्या पाठीवर लालच लाल. किसनरावची गाणी आठवली आणि हात आखडला. मग मी फडकं घेतलं, पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि हलकेच पुसलं. वरच्या डिस्कवरचं कुंकू पुसलं गेलं, खाली काही नाही. खालच्या डिस्कवरचं पुसलं आणि त्याखाली माझा ठिपका, तसाच चकचकीत. नखानं खरवडून बघितलं. कुंकू निघतं, नेलपॉलिश निघत नाही. त्या हसणाऱ्या कल्याणवाल्यांना बोलवून दाखवावंसं वाटलं मला.

आधी थोरलीला एकटीलाच जोडलं. बटण दाबलं. मशीन खाकरलं, तारीख चुकीची सांगितली, आणि दोन-तीन मिनिटांनी पडद्यावर दत्ताभाऊंचा जुना फोटो आला, डोक्यावर केस असतानाचा. "अरे, मी!" म्हणून ते इतके खूश झाले की वहिनी ओल्या डोळ्यांनी हसल्या. मशीन बंद करून मी धाकटीची टोपी तिच्या जागी बसवली, पट्ट्याच्या मधल्या तोंडाला तिला जोडलं आणि पुन्हा सुरू केलं.

धाकटी फिरेना. तिच्यावर हात ठेवला तर आत नुसती बारीक थरथर. वर्षानुवर्षं पडून राहिली की आत वाचणारी दांडी तबकडीला चिकटते. फिरायची इच्छा असते, पण सुटता येत नाही. यावर एक उपाय मला माहीत होता. डिस्क तळहातावर आडवी धरायची, वीज चालू ठेवायची आणि मनगटाला एक झटका द्यायचा, कुलपात किल्ली फिरवतो तसा. दांडी सुटली तर सुटली. तुटली तर तबकडीवर ओरखडा, आणि मग देवसुद्धा काही वाचू शकत नाही. मोठ्या शहरात काचेच्या खोलीत हे काम नीट करणारे लोक आहेत. त्यांना लागतात महिने, आणि हळद होती आठवड्यावर.

माझ्या मशीनवर मी कधी कुणाला विचारून काम केलेलं नाही. त्या दिवशी विचारलं. डिस्क दत्ताभाऊंची होती, पण विचारलं मनीषाला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "बाप तुझा आहे. करू का? की ठेवायची अशीच, पुढं कधी जमेल तेव्हा?"

तिनं आईकडे बघितलं. पोरगी म्हणाली, "करा मॅडम. गेला तरी मी कुठं अजून बघितलाय!"

माझा हात थरथरत नाही म्हणून मी आयुष्यभर मिरवलं, पण तेव्हा लगेच झटका देववेना. मी डिस्क खाली ठेवली, चहाचा एक घोट घेतला, पुन्हा उचलली. झटका दिला. काही नाही. दुसरा दिला. आत 'टक्' वाजलं आणि तळहातावर ती गुणगुणायला लागली. मला एकदम रडूच आलं, पण वेळ नव्हता. बंद पडायच्या आत सगळं बाहेर काढायचं होतं. मी कुणाला काही बघू दिलं नाही. सगळे फोटो आधी थोरलीवर उतरवायला लावले आणि तोवर सगळ्यांना ओट्यावर गप्प बसवलं.

मग शोधायचं कसं? आता दत्ताभाऊंची दुसरी सवय ऐका. हा माणूस लग्नाच्या फोटोंना वधूवरांची नावं देत नाही, गावाचं देत नाही. जेवणात काय गोड होतं ते देतो! पडद्यावर यादी आली. जिलेबी. बुंदी. बुंदी दोन. श्रीखंड आंबट. मी त्यांच्याकडे बघितलं. "नावं विसरतो मी," ते म्हणाले, "जेवण नाय विसरत."

मी चांगुणाला विचारलं, "तुझ्या लग्नात जेवायला गोड काय होतं?"

"लापशी," ती ताबडतोब म्हणाली. "गुळाची. मला मिळालीच नाय, संपली."

"लापशी!" दत्ताभाऊ उठून उभे राहिले. "करपलेली!" आणि यादीत खाली खरंच लिहिलेलं सापडलं, लापशी करपट.

उघडलं. एकामागून एक जोड्या. त्याच दोन खुर्च्या, मागं तोच निळा पडदा. सगळ्या मुलींना वाटलेली पिवळी लुगडी सारखी, माना खाली घातलेल्या, नवऱ्या मुलांच्या टोप्या सारख्या, सगळ्यांच्या कपाळाला मुंडावळ्या. मी एकेक फोटो पुढं सरकवत होते. चांगुणा पडद्याच्या अगदी जवळ येऊन बघत होती. दहा गेले, वीस गेले. तिचा चेहरा कोरा. "हळू," ती म्हणाली. मी हळू केलं. आणखी गेले. तिच्या कपाळावर घाम आला. मला कळेना. आणि मग कळलं, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"थांबा."

हे मनीषा म्हणाली. पडद्यावर एक पोरगा होता, टोपी भुवयांपर्यंत उतरलेली आणि ती टोपी अडून राहिली होती दोन कानांवर. चांगले मोठे, बाहेर आलेले कान. मनीषानं काही न बोलता दोन्ही हातांनी स्वतःचे केस मागं सारले. तसेच. हुबेहूब तसेच.

"हाच," ती म्हणाली. "हाच माझा बाप."

चांगुणानं पुढं वाकून त्याच्या शेजारच्या नवरीचा हात बघितला. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. "आदल्या दिशी कोयता लागला व्हता," ती म्हणाली. "मीच ही." आणि ती मटकन खाली बसली. "ताय, मी इसरलेली त्याला. पोरीला काय सांगनार? तिला कानाचं सांगायची, मला तेवढंच ध्यानात राह्यलेलं. बाकी सगळं गेलेलं." एवढी वर्षं ही बाई तेवढ्यावर पोरीला बाप दाखवत होती, आणि पोरगी तेच कान झाकत होती.

दत्ताभाऊ म्हणाले, "एक सांगू का? हिनं पूजा केली त्या साली दिवाळीनंतर मी ती धाकटी पुसनार व्हतो. जागाच नव्हती. जुनी लग्नं काढून टाकायची आनि नव्या सीझनला मोकळी करायची. मशीन बंद पडलं म्हनून राहून गेलं." वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना समजायला जरा वेळ लागला. मग तोंडात पदर धरून त्या इतक्या रडल्या, की चांगुणाच उठून त्यांना जवळ घेऊन बसली.

दत्ताभाऊंनी फोटो मोठा करून छापला आणि चौकटीत बसवून दिला. आता ते सगळे लग्नांचे फोटो दोन-तीन ठिकाणी उतरवून ठेवलेत, मी मागं लागून करून घेतलं. नावं मात्र अजून तीच आहेत.

हळदीला मला आणि वहिनींना बोलावणं होतं. गेलो. मांडवात पाटावर तो फोटो. मनीषा हळदीच्या अंगानं पाया पडली, केस मागं बांधलेले, दोन्ही कान उघडे. चांगुणा माझ्या शेजारी बसली होती. ती बराच वेळ फोटोकडे बघत होती, मग मांडवाच्या दारात पाव्हण्यांशी बोलत उभ्या असलेल्या होणाऱ्या जावयाकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे.

"ताय," ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "किती पोर हाय गो ह्यो. जावई पन याच्याहून मोठा दिसतो. मी जाऊन उभी राह्यली शेजारी, तं मला आयेच म्हनंल."

आणि हसता हसता तिनं पुढं जाऊन त्याच्या चौकटीवर उडालेली हळद पदरानं पुसली.